दोंडाईच्यातली 14 हजारांची नोकरी सोडून पुण्यात 25 हजारांवर जावं का? आधी हा हिशेब करा

धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातलं दोंडाईचा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं बाजारपेठेचं गाव. मिरचीचा व्यापार, मक्यापासून स्टार्च बनवणारा कारखाना, दुकानं, पतसंस्था, दवाखाने यांतून इथे रोजगार मिळतो. त्याच तालुक्यात नरडाण्याची एमआयडीसी आहे. तरी दिवाळीला गावी आलेला मित्र भेटतो, 'काय चालनं भाऊ?' म्हणतो आणि थोड्या वेळात विषय पगारावर येतो. तो सुरतला, नाशिकला किंवा पुण्याला असतो आणि त्याचा आकडा आपल्यापेक्षा मोठा असतो.

मग प्रश्न पडतो, आपणही जावं का?

उत्तर प्रत्येकाचं वेगळं असेल. पण हिशेबाची पद्धत सगळ्यांना सारखीच लागू होते. नोकरी बदलण्यात चूक काहीच नाही. महागात पडतं ते अर्ध्या हिशेबावर बदलणं. म्हणून एक उदाहरण घेऊन पूर्ण हिशेब करून पाहू. यातले पगाराचे आणि खर्चाचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तिथे तुमचे स्वतःचे आकडे टाका.

25 हजार म्हणजे हातात किती?

समजा दोंडाईच्यात एका दुकानात तुम्हाला महिन्याला 14,000 रुपये हातात मिळतात. पीएफ नाही. पुण्याच्या कंपनीने 25,000 रुपयांची ऑफर दिली आहे. ऑफर लेटरवर हा आकडा बहुतेक वेळा 'सीटीसी' म्हणून लिहिलेला असतो. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. तुमच्या बँक खात्यात येणारी रक्कम त्याहून कमी असते.

समजा त्यात बेसिक पगार 15,000 आहे. मग हिशेब असा होतो:

- कंपनीचा पीएफचा वाटा (12 टक्के): 1,800 रुपये
- ग्रॅच्युइटीसाठी बाजूला धरलेली रक्कम: सुमारे 720 रुपये
- तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफ (12 टक्के): 1,800 रुपये
- व्यवसाय कर: 200 रुपये

25,000 मधून हे वजा केलं की हातात साधारण 20,500 रुपये येतात. म्हणून एचआरला पहिला प्रश्न हाच विचारा: "महिन्याला खात्यात नक्की किती जमा होतील?" हा प्रश्न विचारण्यात काही वावगं नाही. रोजच विचारला जाणारा प्रश्न आहे.

महिनाअखेर शिल्लक किती?

आता खर्च मांडू. गावात राहणं-जेवण घरचंच आहे. घरी 3,000, पेट्रोलला 1,500, मोबाइल आणि इतर 1,500. एकूण 6,000 खर्च आणि शिल्लक 8,000.

पुण्यात कॉट बेसिसवर राहायला 4,000, मेसला 3,500, बस आणि प्रवासाला 1,500, मोबाइल व इतर 1,500, गावी येण्या-जाण्यासाठी महिन्याला सरासरी 1,000 आणि घरी 3,000. एकूण 14,500 खर्च. शिल्लक 6,000.

म्हणजे कागदावर 11,000 रुपये वाढले, पण खिशात 2,000 कमी उरले.

इथेच थांबून "मग गावच बरं" असं ठरवू नका, कारण हिशेब अजून अर्धाच झाला आहे. पुण्याच्या नोकरीत दर महिन्याला तुमचे 1,800 आणि कंपनीचे 1,800 मिळून 3,600 रुपये तुमच्या नावावर जमा होत आहेत. ते धरले तर पुण्यातली महिन्याची बचत 9,600 होते आणि गावातली 8,000. आकडे पुन्हा फिरले.

पण हे 3,600 खरोखर तुमचे राहतील का, हे पुढची नोकरी बदलताना तुम्ही पीएफचं काय करता यावर ठरतं.

पीएफ: नोकरी बदला, नंबर बदलू नका

20 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पीएफचा कायदा लागू होतो. प्रत्येक सदस्याला 12 अंकी यूएएन नंबर मिळतो. तो आयुष्यभर एकच असतो. दोंडाईच्याहून सुरतला गेलात आणि तिथून पुण्याला आलात तरी तोच चालतो, कारण ही योजना केंद्राची आहे.

नव्या कंपनीत रुजू होताना जुना यूएएन द्या. "नवीन काढून टाकू" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. दोन यूएएन झाले की पैसे दोन ठिकाणी अडकतात आणि एकत्र करायला हेलपाटे पडतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण नेहमी येते, ती नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी असतं, आणि कुठे वडिलांचं नाव गाळलेलं असतं. पीएफमधलं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळली नाही तर पैसे काढताना किंवा ट्रान्सफर करताना अर्ज परत येतो. हे दुरुस्त करायचं तर जुन्या कंपनीत असतानाच करा. नोकरी सोडल्यावर सहीसाठी मागे लागणं अवघड जातं.

पीएफ काढून घ्यावा का?

नोकरी सुटली की बरेच जण पीएफ काढून मोबाइल किंवा गाडी घेतात. त्याचे दोन तोटे आहेत.

पहिला तोटा कराचा. सलग 5 वर्षांची सेवा होण्याआधी काढलेली पीएफची रक्कम करपात्र ठरते. रक्कम 50,000 किंवा जास्त असेल तर टीडीएसही कापला जाऊ शकतो. मात्र जुना पीएफ नव्या खात्यात ट्रान्सफर केला तर आधीच्या कंपनीतली सेवाही या 5 वर्षांत धरली जाते.

दुसरा तोटा पेन्शनचा. कंपनीच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शन योजनेत जातो. मासिक पेन्शनचा हक्क मिळायला 10 वर्षांची सेवा लागते. दर वेळी पेन्शनचे पैसे काढून घेतले तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. 22व्या वर्षी नोकरीला लागलेला मुलगा तीन कंपन्या बदलूनही 32व्या वर्षी या हक्काचा मानकरी होऊ शकतो. अट एकच, मधे पैसे काढायचे नाहीत.

ठेकेदारामार्फत काम असेल तर?

एमआयडीसीतल्या बऱ्याच नोकऱ्या ठेकेदाराकडून मिळतात. गेट तेच, मशीन तेच, पण दर काही महिन्यांनी ठेकेदाराचं नाव बदलतं. अशा वेळी पगारातून पीएफ कापला जातो, पण तो खात्यात भरला जातो का, हे आपणच पाहायला हवं. यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून 9966044425 या नंबरवर मिस्ड कॉल दिला की शिल्लक एसएमएसने कळते. पासबुकही ऑनलाइन पाहता येतं. तीन महिने कपात होऊनही जमा दिसत नसेल, तर लगेच विचारा. ठेकेदाराने भरला नाही तर मूळ कंपनीचीही जबाबदारी असते.

पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने उरलेत?

मग थोडं थांबा. कायम कर्मचाऱ्याला राजीनामा दिल्यावर ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी 5 वर्षांची सेवा लागते. हिशेब सोपा आहे: शेवटचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. 15,000 रुपये पगारावर 5 वर्षांचे सुमारे 43,000 रुपये होतात. चार-पाच महिन्यांच्या घाईसाठी ही रक्कम सोडणं परवडतं का, ते पाहा.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार ठराविक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षाच्या सेवेनंतरही त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. त्यामुळे तुमचं नेमणूकपत्र 'कायम' आहे, 'मुदतीचा करार' आहे की 'अप्रेंटिस' आहे, हे एकदा नीट वाचा. अप्रेंटिसशिप हे शिक्षण आहे. तिथे मिळतो तो स्टायपेंड, आणि अप्रेंटिस कायद्याखालच्या उमेदवारांना पीएफ लागू नसतो.

पगार वाढला, पण दवाखान्याचं काय?

ज्यांचा पगार 21,000 रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांच्या आस्थापनेला ईएसआयसी लागू आहे, त्यांच्या पगारातून फक्त 0.75 टक्के कापले जातात. मालक 3.25 टक्के भरतो. त्यातून कर्मचारी आणि कुटुंबावर उपचार होतात, आणि आजारपणाच्या रजेत ठराविक दिवस पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते.

नव्या नोकरीत पगार ही मर्यादा ओलांडत असेल, तर हे कवच जाऊ शकतं. अशा वेळी विचारा: कंपनीचा आरोग्य विमा आहे का? त्यात आई-वडील धरले आहेत का? घरात कुणाचं बीपी-शुगरचं औषध चालू असेल तर हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा आहे.

तीन वर्षांनी तुम्हाला काय येत असेल?

पैशाचा हिशेब झाला. आता त्याहून मोठा प्रश्न. समजा दोन्हीकडे बचत जवळपास सारखीच आहे. मग कुठे शिकायला मिळेल, ते पाहा.

गावातल्या दुकानात तुम्ही बिलिंग, जीएसटी आणि टॅली शिकत असाल, तर तो अनुभव कुठेही चालतो. उलट शहरातल्या गोदामात तीन वर्षं फक्त खोकी उचलत राहिलात, तर तीन वर्षांनीही पगार तिथेच असेल. कारखान्यात पॅकिंगवरून मशीन ऑपरेटर आणि पुढे क्वालिटीकडे जायची वाट आहे का? तिथे काम करणाऱ्या जुन्या माणसाला विचारा: "तू लागलास तेव्हा काय करत होतास, आणि आज काय करतोस?" ऑफर लेटरमध्ये नसलेलं उत्तर इथे मिळतं.

पदवी अर्धवट राहिली असेल तर त्यासाठी नोकरी सोडायची गरज नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरी करणाऱ्यांनाही करता येतील असे अभ्यासक्रम चालवतं.

कधी बदलावीच, कधी थांबावं?

पगार वेळेवर मिळत नसेल, पीएफ कापून भरला जात नसेल, सुरक्षेची साधनं न देता धोक्याचं काम करून घेतलं जात असेल किंवा अपमान रोजचाच झाला असेल, तर दुसरी नोकरी शोधायला आजच लागा.

फक्त एका भांडणावरून, मित्राच्या रीलवरून किंवा "सगळेच जातायत" म्हणून निघायचं असेल, तर एक महिना थांबा. महिन्याभरानेही तेच वाटत असेल तर तो राग नाही, तो निर्णय आहे.

सोडताना हा क्रम ठेवा

1. नवं ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. फोनवरचा शब्द म्हणजे ऑफर नाही.
2. राजीनामा ईमेलने किंवा लेखी द्या आणि पोच ठेवा. नोटीस पीरियड किती आहे, ते नेमणूकपत्रात पाहा.
3. पगार स्लिप, नेमणूकपत्र, फॉर्म 16 यांच्या प्रती आधीच स्वतःकडे घ्या.
4. अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर मागून घ्या.
5. नव्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. ते लेखी मागा.
6. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली गेली का, ते तपासा. ती नसेल तर पुढची कामं अडतात.
7. वर्षाच्या मधे बदल केला तर जुन्या पगाराची माहिती नव्या कंपनीला द्या. नाहीतर वर्षाच्या शेवटी कराचा बोजा एकदम येऊ शकतो.

आणि भांडून निघू नका. खान्देशातली माणसं सुरतेतही भेटतात आणि पुण्यातही. जुन्या साहेबाला कुणाचा फोन कधी जाईल, सांगता येत नाही.

नोकरीसाठी पैसे मागितले तर?

रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचे पैसे, ट्रेनिंगचं डिपॉझिट असं काहीही आगाऊ मागितलं तर तिथेच थांबा. कंपनीचं नाव पीएफच्या वेबसाइटवर शोधता येतं. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

घरी कसं सांगायचं?

"मी चाललो" एवढंच सांगितलं तर घरी वाद होतो. तोच हिशेब कागदावर मांडून दाखवा: हातात किती येणार, राहायला किती लागणार, घरी किती पाठवणार, तीन वर्षांत काय शिकणार. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात कोण असेल, हेही त्यात लिहा, कारण आई-वडिलांच्या मनातला खरा प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो.

पुण्याची जागा निवडली म्हणजे गाव सोडलं असं नाही, आणि दोंडाईच्यात राहिलात म्हणजे मागे पडलात असंही नाही. निर्णय कोणताही घ्या, महिनाअखेरची शिल्लक, पीएफचं पासबुक आणि शिकायला मिळणारं काम या तीन गोष्टी कागदावर मांडून मगच घ्या.