परीक्षक आणि यंत्र

शाळामास्तरांच्या घरी परीक्षेचा हंगाम कसा असतो, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांस निराळे सांगावयास नको. जेवणे आटोपली की उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सुटतो, तांबडी पेन्सिल हाती येते आणि मध्यरात्र उलटेपर्यंत तेच दहा प्रश्न व तीच ती उत्तरे डोळ्यांपुढून सरकत राहतात. पहिली पत्रिका तपासणारा आणि नव्वदावी पत्रिका तपासणारा मनुष्य नावाने एकच. परंतु डोळ्यांवरची झोप व मनाचा कंटाळा हिशेबात धरला तर ते दोघे निराळेच म्हणावे लागतील. हे काम यंत्राकडे सोपवून शिक्षकाचा वेळ वाचवावा, हा विचार सध्या पुष्कळ बोलला जातो व तो अगदी नवा आहे असे समजले जाते. वस्तुतः त्यास शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. आणि तो पाहिल्यावाचून या विचाराचे मोल ठरविता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

लेखी परीक्षेचे प्रस्थ मुळात फार जुने नव्हे. अमेरिकेतील बोस्टन शहरी १८४५ साली होरेस मॅन व त्यांचे सहकारी यांनी शाळांतून तोंडी परीक्षेच्या जागी छापील प्रश्न व लेखी उत्तरे आणली. आमच्याकडे १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे लंडनच्या धर्तीवर विद्यापीठे निघाली आणि लेखी परीक्षा हाच विद्येचा दरवाजा होऊन बसला. सर्वांस एकच प्रश्न व सर्वांस सारखाच वेळ, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. परंतु तिने लिहिलेल्या कागदांचा जो ढीग निर्माण केला, तो कोणी तरी वाचणे भाग होते.

हा वाचणारा मनुष्य कितपत विश्वासार्ह, ही शंकाही लवकरच उपस्थित झाली. पंडित एजवर्थ यांनी १८८८ साली परीक्षेच्या गुणांत दैवाचा भाग किती असतो, याचे गणितच मांडले. १९१३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टार्च व इलियट या अध्यापकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरांहून अधिक शिक्षकांकडे धाडली. शंभरांपैकी कोणी २८ गुण दिले, तर कोणी ९२! भूमितीसारख्या चोख विषयात ही गत, मग निबंधाविषयी काय बोलावे? पुढे १९३५ साली सर फिलिप हार्टोग व ऱ्होड्स यांनी इंग्लंडातील चौकशी प्रसिद्ध केली. हे हार्टोग ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, व हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९२८-२९ च्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांकडून तपासून घेतल्या व वर्ष-दीड वर्षाने त्याच पत्रिका त्याच परीक्षकांस पुन्हा दिल्या. २१० निर्णयांपैकी ९२ ठिकाणी परीक्षकाने स्वतःचाच पूर्वीचा निकाल फिरविला. तेव्हा यंत्राच्या शोधामागे केवळ वेळेची काटकसर नव्हती, न्यायाची तहानही होती, हे विसरून चालणार नाही.

या तहानेवर पहिला उपाय शोधला तो कॅन्सस संस्थानातील फ्रेडरिक केली यांनी. शिक्षकांच्या गुणदानातील तफावत हाच त्यांच्या १९१४ सालच्या प्रबंधाचा विषय होता. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. परीक्षकाचे मत जेथे जेथे शिरते तेथे तेथे तफावत पडते. म्हणून प्रश्नच असा घालावा की त्याचे एकच उत्तर बरोबर असेल व बाकीची सर्वस्वी चूक असतील. त्यांच्या वाचनपरीक्षेत गाय, वाघ, उंदीर व लांडगा ही नावे देऊन शेताच्या उपयोगी प्राण्याभोवती रेघ काढावयास सांगितले आहे. मुलाने काही लिहावयाचे नाही, केवळ खूण करावयाची. आणि परीक्षकाने काही ठरवावयाचे नाही, केवळ खूण पाहावयाची. थोड्याच वर्षांनी अमेरिका महायुद्धात उतरली व सैन्यात येणाऱ्या सुमारे १७ लाख लोकांची बुद्धिपरीक्षा याच धर्तीवर घेण्यात आली. भोके पाडलेला पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवावा व भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजाव्यात, एवढेच तपासनिसाचे काम उरले. यंत्र अद्याप जन्मले नव्हते. पण परीक्षकाचे यंत्र झाले होते.

खरे यंत्र आले ते एका शाळामास्तराच्या डोक्यातून, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. मिशिगन संस्थानातील आयर्नवुड या गावी रेनॉल्ड जॉन्सन नावाचे विज्ञानशिक्षक होते. लहानपणी त्यांनी एक खोडी केली होती. मोटारीच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीची रेघ ओढली की वीज त्या रेघेवाटे निसटून जाते, ठिणगी पडत नाही व गाडी सुरू होत नाही. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, हा धडा त्यांनी ध्यानात ठेवला. मुलाने योग्य जागी पेन्सिलीची खूण केली असेल तर तेथून वीज वाहील, व एकंदर किती वीज वाहिली हे काट्यावर पाहिले की गुण कळतील, अशी त्यांची कल्पना होती. आय. बी. एम. कंपनीने प्रथम तिच्याकडे पाठ फिरविली. परंतु कोलंबिया विद्यापीठाचे बेन वुड यांस तिचे महत्त्व पटले, व १९३४ साली कंपनीने जॉन्सन यांस नोकरीत घेतले. १९३८ साली त्यांचे यंत्र बाजारात आले. सराईत माणूस त्यावर तासाला सुमारे ८०० पत्रिका तपासू शकत असे. पुढे १९५५ च्या सुमारास आयोवा येथे लिंडक्विस्ट यांनी विजेऐवजी प्रकाशाने खुणा वाचणारे यंत्र सिद्ध केले. आज आमच्या मुलांपुढे वर्तुळांचा जो कागद येतो, तो याच घराण्यातला. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेस सुमारे २३ लाख विद्यार्थी बसले, त्यांची उत्तरे अशाच कागदांवर होती. हाताने ती तपासणे कोणास शक्य झाले असते?

परंतु येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. उत्तर वाचावयास यंत्र शिकले नाही. यंत्रास वाचता येईल असे उत्तर लिहावयास मुले शिकली. शिवाय श्रम नाहीसे झाले असेही नाही, ते केवळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले. निबंधाचा प्रश्न घालण्यास एक ओळ पुरते व तपासण्यास रात्री लागतात. चार पर्यायांच्या प्रश्नाचे उलट आहे. तो तपासण्यास क्षणही लागत नाही, पण तीन चुकीची उत्तरे खऱ्यासारखी भासतील अशी रचना करणे हे फार कष्टाचे काम होय. ते कष्ट ज्यांनी टाळले, त्यांच्या परीक्षांनी मुलांना केवळ अंदाज बांधण्याची कला शिकविली.

निबंधही यंत्राने तपासावा, हा प्रयत्न एलिस पेज यांनी १९६६ साली जाहीर केला. तेही पूर्वी शाळेत इंग्रजीचे शिक्षक होते. त्यांचे गणकयंत्र निबंधाचा अर्थ जाणत नव्हते. ते त्याची लांबी, शब्दांची लांबी, स्वल्पविरामांची संख्या असल्या गोष्टी मोजी आणि त्यांवरून माणसांनी दिले असते तेवढेच जवळजवळ गुण देई. १९९९ साली व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेत असे एक यंत्र रीतसर नेमले गेले. पण तेथे योजना शहाणपणाची होती. एक गुण माणसाचा, एक यंत्राचा. दोहोंत फार अंतर पडले तर दुसऱ्या माणसाने निर्णय द्यावा. ही मर्यादा जेथे सुटली तेथे काय होते, हे २०१४ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातील लेस पेरेलमन यांनी दाखविले. त्यांनी व काही विद्यार्थ्यांनी अर्थशून्य परंतु भारदस्त शब्दांचे निबंध तयार करणारे यंत्र रचले. आणि तपासणाऱ्या यंत्रांनी त्या निबंधांस उत्तम गुण बहाल केले. अलीकडची यंत्रे पेज यांच्या यंत्राहून पुष्कळ पुढे गेली आहेत. ती वाक्याचा रोख ओळखतात, शेराही लिहितात. तरी पेरेलमन यांनी विचारलेला प्रश्न मिटला असे आम्ही म्हणणार नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर आम्हीही या वाटेवर दोनदा अडखळलो. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. गुण माणसेच देणार होती, यंत्र केवळ कागद वाहणार होते. पण तयारीवाचून केलेल्या घाईमुळे निकाल कित्येक आठवडे रखडले, मुलांचे पुढील प्रवेश अडले व ऑक्टोबरात कुलगुरूंस पदावरून दूर करण्यात आले. दुसरे उदाहरण लोकसेवा आयोगाचे. आयोगाने २०१२ साली राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुतांशी बहुपर्यायी केली. दहा वर्षांनी पुन्हा वर्णनात्मक पद्धतीकडे वळण्याचे ठरले, तेव्हा पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले व ती पद्धत २०२५ पर्यंत पुढे ढकलावी लागली. त्या मुलांस आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. दहा वर्षे ज्यांस खूण करावयास शिकविले, त्यांस एका वर्षात लिहा म्हणणे सोपे; लिहिणे सोपे नव्हे.

मग यंत्र टाकून द्यावे काय? आम्ही तसे म्हणत नाही. हार्टोग यांचे ९२ निर्णय डोळ्यांपुढे असता माणसाच्या न्यायाचा अभिमान कोणी बाळगू नये. यंत्र दुसरा परीक्षक म्हणून जवळ असेल, थकलेल्या हातून झालेली चूक दाखवील, बेरजा व पाढे तपासून देईल, तर त्याचे स्वागत केले पाहिजे. प्रश्न एवढाच की वाचलेला वेळ जातो कोठे? एका वर्गात साठांऐवजी ऐंशी मुले बसवावीत, शिक्षकास आणखी तक्ते भरावयास लावावे, यासाठी तो वाचवावयाचा असेल, तर त्यात शिक्षकाचा लाभ नाही व मुलाचा तर नाहीच नाही. तो वेळ मुलाच्या वहीकडे परत आला पाहिजे.

कारण मूल निबंध लिहिते ते कोणी तरी वाचील या भरवशावर. समासातील 'येथे तुझे म्हणणे कळले नाही, पुन्हा सांग' एवढा तांबड्या अक्षरांतील शेरा आपल्यापैकी कित्येकांच्या स्मरणात अजून असेल. त्या पत्रिकेस गुण किती मिळाले होते, ते मात्र बहुधा कोणास आठवणार नाही. गुण यंत्राने खुशाल मोजावेत. तो शेरा लिहिण्याइतकी उसंत मास्तरांस मिळाली, तर यंत्र कामास आले असे आम्ही समजू.