पहारेकरी आणि वाचक

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सकाळी भाईंदर स्थानकावर चर्चगेटची गाडी पकडायची, तर मला फलाट दिसत नाही, पण ऐकू येतो. दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो (आम्ही जुने प्रवासी अजून अपंगांचा डबाच म्हणतो) तिथे एक छोटे यंत्र ठरावीक अंतराने वाजत असते. त्या आवाजाच्या रोखाने चालत जायचे आणि तिथे उभे राहायचे. दार समोर येणार, हा भरवसा असतो. संगणकावर असा भरवशाचा आवाज मिळायला मात्र माझ्यासारख्या अंध माणसांना बरीच वर्षे लागली. आज त्याचीच हकिगत सांगणार आहे.

सुरुवात थोडी मागून करू. मुंबईत दादरची अंधशाळा १९०० साली निघाली. देशातल्या सगळ्या भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरले आणि १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था उभी राहिली. शिक्षण मिळाले, टेलिफोन ऑपरेटरसारख्या नोकऱ्या मिळाल्या. मीही आयुष्यभर एका बँकेच्या टेलिफोन बोर्डावरच बसलो. पण घरी आलेले पत्र, पासबुकातली शिल्लक, डॉक्टरांचा रिपोर्ट हे सगळे दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागे. डोळस माणसाचे गुपित त्याचे एकट्याचे असते; आमच्या प्रत्येक गुपिताला एक भागीदार असायचा.

हा भागीदार हटवला स्क्रीन रीडरने. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा हा प्रोग्राम. अमेरिकेतले टेड हेंटर हे मोटरसायकल शर्यतीत उतरणारे इंजिनिअर १९७८ च्या अपघातात अंध झाले. १९८७ मध्ये त्यांनी एका भागीदाराबरोबर कंपनी काढली आणि तिथून ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आला. १९९५ मध्ये त्याची विंडोजसाठीची आवृत्ती निघाली आणि पुढे काही वर्षांत तो आमच्यापर्यंत पोचला. स्वतःचे पत्र स्वतः वाचण्यातले सुख काय असते, ते मला चाळिशी उलटल्यावर कळले!

याच काळात दुसरी एक गोष्ट शेजारच्या रुळावरून चालली होती. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. विशेष म्हणजे त्यात त्यांनी आपले नाव-पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. १९९२ च्या ६ मार्चला ‘मायकेलअँजेलो’ने जगभर घबराट माजवली. आपल्याकडे साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणक दुरुस्तीकडे वळले, त्यांच्या धाकट्या भावाने, संजय यांनी, व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ बाजारात आले. म्हणजे वाचक तयार होता, पहारेकरीही तयार होता. पण दोघांची गाठ घालून द्यावी, हे कोणाच्या मनातच आले नव्हते.

गाठ पडली तेव्हा भांडणच झाले, आणि त्याला कारणही तसेच होते. स्क्रीन रीडरचे काम काय? तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ टिपायची आणि दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटातला मजकूर बाहेर काढायचा. पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही नेमके हेच करतात. तेव्हा पहारेकऱ्याला वाचकाचा संशय यावा, यात नवल नाही. त्यात अँटीव्हायरसवाल्यांना खिडक्या देखण्या हव्या असत. हिरवी ढाल, लाल फुली, चकचकीत चित्रे. चित्राला नाव दिले तरच ते आम्हाला ऐकू येते. तशी सोय मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या सुमारास करून दिली होती, पण नाव भरायचे काम प्रोग्राम बनवणाऱ्याचे. त्याने भरले नाही की आमच्या कानावर नुसते ‘ग्राफिक, ग्राफिक, बटन’.

२००४ साली मी भाईंदरच्या घरी पहिला संगणक घेतला. दुकानदाराने एक नावाजलेला परदेशी अँटीव्हायरस दिला. सीडीच्या डब्यात कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर छापलेली लांबलचक किल्ली. ती भाच्याने वाचली, त्यानेच प्रोग्राम घातला आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तर तो मुका! अँटीव्हायरसने स्क्रीन रीडरचा एक भाग अडवून ठेवला होता आणि ‘याला परवानगी द्यायची का?’ असे पडद्यावर विचारत तो शांत बसला होता. ज्याच्यामुळे मला तो प्रश्न ऐकू आला असता, त्यालाच त्याने कोंडले होते. शेवटी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बोलावले. नोंदणी पुरी करायला ई-मेल उघडावी लागली आणि तिचा पासवर्ड मला त्यांना मोठ्याने सांगावा लागला. माणूस अत्यंत सज्जन, त्यांनी कधी गैरफायदा घेतला नाही. पण त्या रात्री मला वाटले, गुपिताचा भागीदार पुन्हा घरात आला, आणि तोही सुरक्षेच्या नावाखाली.

त्यानंतर वर्षभर मी अँटीव्हायरस बंदच ठेवला. असे करणारा मी एकटा नव्हतो. आमच्यातली एक खोटही कबूल करायला हवी. जॉजची किंमत तेव्हा नऊशे डॉलरच्या घरात, म्हणजे कित्येकांच्या संगणकाहून जास्त. फुकट चाचणी आवृत्ती चाळीस मिनिटे चाले, मग संगणक पुन्हा सुरू करावा लागे. म्हणून चोरटी प्रत एकाच्या पेन ड्राइव्हवरून दुसऱ्याकडे जाई. कुलूप तोडणाऱ्या त्या प्रोग्रामबरोबर व्हायरसही येत. अँटीव्हायरस ओरडला की त्यालाच गप्प करायचे! बोलणारा संगणक हवा म्हणून आम्ही घराचे दार उघडे टाकत होतो.

चित्र पालटले ते दोन गोष्टींनी. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर सुरू केला, आणि जेम्स टे हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. चोरी करायचे कारणच संपले. शिवाय पुढे तो मराठीही वाचू लागला. दुसरी गोष्ट म्हणजे मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये फुकट अँटीव्हायरस दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ या नावाने तो संगणकातच घालून पाठवला. किल्लीची चिठ्ठी नाही, दरवर्षीचे नूतनीकरण नाही. खिडक्या नेहमीच्या विंडोजच्या पठडीतल्या, त्यामुळे वाचकाला त्या वाचता येतात. भाईंदरमधल्या माझ्या घरी आज हीच जोडी नांदते आहे.

पण पहारा बसला की चोर वाट बदलतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आमच्या मीरा रोडला कॉल सेंटरवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना ‘आम्ही प्राप्तिकर खात्यातून बोलतोय’ अशा धमक्या देऊन लुबाडले जात होते. सत्तरहून अधिक जणांना अटक झाली. ती बातमी ऐकली आणि मी चरकलो. आमचे सगळे जग आवाजावर चालते, आणि इथे चोरीचे हत्यारच आवाज होते.

तसलीच दुसरी युक्ती इंटरनेटवर चालते. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असे खोटे पान अचानक उघडते. गंमत अशी की ते साध्या मजकुरात लिहिलेले असल्याने स्क्रीन रीडर ते खणखणीत वाचतो. म्हणजे खरा इशारा चित्रात दडलेला आणि खोटा इशारा स्पष्ट ऐकू येणारा! अंध माणसासाठी सुरक्षेचा प्रोग्राम निवडताना सगळी मेख इथेच आहे.

म्हणून नव्या मुलांना मी चार गोष्टी सांगतो. विकत घेण्याआधी चाचणी आवृत्ती घ्या, माऊस बाजूला ठेवा आणि नुसत्या की-बोर्डवर तो प्रोग्राम घालता, चालवता आणि काढता येतो का, ते पाहा. मग इशारा ऐकू येतो का, ते तपासा. त्यासाठी ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. तिच्यावर अँटीव्हायरस खऱ्या व्हायरससारखाच ओरडतो. आपला खरा इशारा कोणत्या शब्दांत येतो हे एकदा कानात बसले की खोटा लगेच ओळखू येतो. एका घरात दोन पहारेकरी ठेवू नका, ते एकमेकांनाच धरतात. आणि फोन नंबर देणाऱ्या इशाऱ्यावर कधीही विश्वास ठेवू नका. फसलातच तर लाज न बाळगता १९३० वर फोन लावा.

कायदाही हळूहळू आमच्या बाजूला येतो आहे. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये बँकांना बजावले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ओळख पटवण्यासाठी ‘डोळे मिचकावा’ असे सांगणारी यंत्रे अंधांनी आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांनी कशी वापरायची, हा त्या खटल्यातला प्रश्न होता. कुलूप मजबूत हवेच. पण घराच्या मालकालाच ते उघडता येत नसेल, तर त्याला सुरक्षा कसे म्हणायचे?

परवा ते वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. आता त्यांची नजर अधू झाली आहे. म्हणाले, “तुमचा तो बोलणारा प्रोग्राम मलाही घालून द्या.” मी दिला. पासवर्डची वेळ आली तेव्हा ते सांगू लागले, तसे मी त्यांना थांबवले. “काका, मला सांगू नका. तुमचा तुम्हीच टाका.” कळा वाजल्या. एकेक अक्षराला स्क्रीन रीडर फक्त ‘तारा, तारा’ म्हणत होता. अक्षरे त्यांची त्यांनाच ठाऊक.