सेल्फ घेते, पण सुरू होत नाहीं

किल्ली फिरविली, सेल्फ लागला, इंजिन घरघरत फिरूं लागलें. पण पेट घेण्याचें नांव नाहीं. जुन्या मोटारीच्या धन्यावर हा प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच, आणि बहुधा घाईच्या वेळींच येतो. अशा वेळीं गाडीभोंवतीं जमलेली मंडळी बॅटरी, प्लग, पेट्रोल, कार्ब्युरेटर अशीं जीं नांवें घेतात त्यांत खरें कारण पुष्कळदां असतेंही; मात्र तें कोणतें हें ठरविण्याची रीत थोड्यांनाच ठाऊक असते. ही रीत कोणा एकानें शोधून काढलेली नाहीं. मोटार जसजशी घडत गेली तसतशी तीही घडली.

इंजिनाच्या मागण्या मुळांत तीनच. नळकांड्यांत हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण यावें, दट्ट्यानें तें दाबलें जावें, आणि नेमक्या क्षणीं तेथें ठिणगी पडावी. हें सर्व जमून येण्यासाठीं प्रथम कोणी तरी इंजिनास बाहेरून फिरवावें लागतें.

जर्मनींतील मॅनहाइम येथील कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. १८८८ च्या ऑगस्टमध्यें त्याची पत्नी बर्था ही नवऱ्यास न कळवितां, दोन मुलग्यांसह, तसल्या गाडींतून फोर्झहाइम या आपल्या माहेरगांवीं निघाली. वाट शंभरावर किलोमीटरांची होती. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, तेव्हां तिनें टोपीची लांब टांचणी घालून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेचें आवरण झिजलें, तेव्हां मोजे बांधण्याचा पट्टा त्या जागीं गुंडाळला, असें सांगतात. वीस्लोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून तिनें लिग्रोइन विकत घेतलें. तेंच त्या गाडीचें इंधन. एक दोष इंधनाचा आणि एक ठिणगीचा! पुढें जगभरच्या मोटारवाल्यांस ज्या दोन दारांशीं ताटकळत उभें राहावें लागलें, तीं दोन्ही या बाईनें पहिल्याच लांबच्या प्रवासांत ठोठावलीं. तिच्याजवळ मेस्त्री नव्हता, सुटे भाग नव्हते. तरी तिनें आधीं नीट पाहिलें आणि मग हात घातला.

या दोहोंपैकीं ठिणगीनें शोधकांना अधिक छळलें. डाइम्लरच्या आरंभींच्या गाड्यांत ठिणगीऐवजीं ज्योतीनें लाल तापविलेली नळी असे. म्हणजे पेट्रोलच्या शेजारीं उघडी ज्योत! मग स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यानें १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्यास बॅटरी लागत नसे. फिरणाऱ्या इंजिनाच्या जोरावरच तो वीज उत्पन्न करी. पण इंजिन मंद फिरलें तर ठिणगीही मंद, म्हणून हँडल मारणाऱ्याचा हात जोमदार असावा लागे. त्यांतही ठिणगी वेळेआधीं पडली कीं इंजिन उलट झटका देई आणि हँडल मनगटावर येई. मनगटाजवळ हाड मोडण्याच्या एका प्रकारास शस्त्रवैद्य आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, तें या हँडलचेंच स्मारक होय. जाणते चालक अंगठा मुठीबाहेर, बोटांच्याच बाजूस ठेवीत, म्हणजे झटका आला तरी हँडल हातांतून निसटून जाई.

तथापि या क्रूर हँडलचा एक गुणही होता. फिरविणाऱ्याच्या दंडाला इंजिनाचा दाब प्रत्यक्ष कळे. एका नळकांड्यांत जोर नसला तर हात तेथें सुळकन पुढें जाई. आंत हवा दाबली जाते कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर हातालाच मिळे.

हा हात सुटला तो चार्ल्स केटरिंग याच्यामुळें. अमेरिकेंत ओहायो प्रांतांतील डेटन येथें त्यानें पूर्वीं दुकानदारांच्या गल्ल्याच्या यंत्रासाठीं विजेची मोटर केली होती. लहान मोटर थोडा वेळ तिच्या शक्तीपलीकडे राबविली तरी ती जळत नाहीं, हें त्यास तेथें उमगलें. तेंच तत्त्व त्यानें इंजिन फिरविण्यास लाविलें, आणि १९१२ सालची कॅडिलॅक विजेच्या सेल्फसह बाजारांत आली. त्याआधींच, १९१० च्या कॅडिलॅकसाठीं, त्यानें बॅटरीवर चालणारी ठिणगीची नवी योजना दिली होती. तींत पॉइंट मिटलेले असतां कॉइलमधून प्रवाह वाहतो. पॉइंट उघडतांच तो तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्ट उसळून प्लगशीं ठिणगी उडते. पुढें अर्धशतकाहून अधिक काळ बहुतेक मोटारी याच पद्धतीवर चालल्या.

पण आतां एकाच बॅटरीवर दोन गिऱ्हाइकें बसलीं, आणि त्यांत सेल्फ मोठा खादाड. तो फिरूं लागला कीं बारा व्होल्टांच्या बॅटरीचा दाब दहापर्यंत, कधीं त्याखालीं उतरतो. नेमक्या त्याच क्षणीं कॉइलला पूर्ण दाब हवा असतो. म्हणून बॅटरी अर्धवट उतरली असतां इंजिन फिरतें, पण पेटत नाहीं. यावर पुढील कारागिरांनीं उपाय काढला. कॉइल कमी व्होल्टांची करावयाची, नेहमींच्या चालीसाठीं तिच्या वाटेंत एक रोधक घालावयाचा, आणि सेल्फ मारतांना तो टाळून थेट वीज द्यावयाची. उपायाबरोबर नवा दोष जन्मला, पण तो आपली खूण घेऊनच आला. सेल्फ चालू असतांना इंजिन पेटतें आणि किल्ली सोडतांच विझतें, तर बहुधा रोधक जळलेला असतो. उलट किल्ली सोडण्याच्या क्षणींच तें पेटूं पाहतें, तर थेट विजेची वाट तुटलेली असावी. एवढी खूण ज्यास ठाऊक आहे त्याचे नव्या प्लगांचे पैसे वांचतात.

दंडाचें काम आतां कानाला करावें लागतें. इंजिन एरव्हींपेक्षां भरभर आणि एकसारखें फिरतें, मधला तो जड ठेका ऐकूं येत नाहीं, तर दाबच नाहीं असें समजावें. मग डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून सेल्फ मारावा. आंतला रोटर स्थिर राहिला तर चेन किंवा दांतेरी चाक तुटलें, आणि पुन्हां सेल्फ मारूं नये. रोटर फिरत असेल तर ठिणगी पाहावी. प्लगची तार रबरी पकडीनें धरून इंजिनाच्या लोखंडापासून थोडी दूर ठेवावी. मात्र सांडलेल्या पेट्रोलजवळ ही परीक्षा कोणीं करूं नये. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. पिंवळी व मरतुकडी असेल तर काळे पडलेले पॉइंट किंवा कंडेन्सर तपासावा. ठिणगी चांगली असेल तर एअर क्लीनर काढून हातानें थ्रॉटल हलवावें. कार्ब्युरेटरांत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. ती नसेल तर पंपाचा पडदा फाटला असेल किंवा नळी तुंबली असेल. पेट्रोलचा दर्प दाटला असेल तर दोष उलट जातीचा. चोक जास्त झाला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला कीं भिजलेलीं नळकांडीं सुकतात.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं मुंबईच्या काळ्यापिंवळ्या टॅक्सींतून प्रवास केला असेल त्यांनीं हे प्रयोग रस्त्याकडेला पाहिले असतील. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली फियाट पुढें १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली. पावसाळ्यांत डिस्ट्रिब्यूटरच्या झांकणांत दमट हवा शिरे आणि ठिणगी प्लगपर्यंत न जातां ओल्या झांकणावरूनच पळून जाई. कोरडें फडकें हें त्यावरचें औषध. टॅक्सीवाल्याची त्या दिवसाची कमाई अशा वेळीं त्या फडक्यावर अवलंबून असे. आधीं फडकें काढावें कीं आधीं पंप खोलावा, हा त्याच्यापुढें केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न नव्हता.

मुंबईंत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीचें आयुष्य २० वर्षांचें ठरलेलें असल्यानें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात रस्त्यावरून टॅक्सी म्हणून गेली. नव्या गाड्यांत पॉइंट नाहींत. इंजिनाची फिरती जागा सांगणारा सेन्सर बंद पडला कीं त्याही तशाच घरघरतात आणि पेटत नाहींत. कांहीं पद्मिनी छंदी लोकांनीं जपून ठेविल्या आहेत. त्यांचे पॉइंट अजून घांसावे लागतात.