रुजुवात: माणसाची आणि यंत्राची

मूळ कागदाशीं नक्कल ताडून पाहण्याच्या कामास जुन्या कारकुनी भाषेंत रुजुवात म्हणत. हें काम आतां बव्हंशीं यंत्राकडे गेलें असून त्या स्थित्यंतराच्या इतिहासांत नंदुरबार जिल्ह्यास आम्ही स्थान देतों. २९ सप्टेंबर २०१० रोजीं तेथील टेंभली या लहानशा गांवीं, तत्कालीन पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या उपस्थितींत, देशांतील पहिले आधार-क्रमांक वाटले गेले.

त्या क्रमांकाच्या बारा अंकांपैकीं शेवटचा अंक केवळ पहारेकरी होय. तो आधींच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. एखादा अंक चुकला, किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, कीं हिशेब जुळत नाहीं व यंत्र तेथेंच हटकतें. ही रीत डच गणिती याकोबुस फेरहूफ यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केली. नुसत्या बेरजेनें हें साधत नाहीं. चार आणि सात कोणत्याही क्रमानें मिळविले तरी अकराच. परंतु पंचकोन आधीं फिरवून मग उलटविला, अथवा आधीं उलटवून मग फिरविला, तर फळ निराळें येतें. फेरहूफ यांची रीत या भेदावर उभी आहे.

अंकांचें झालें तेंच पुढें संगणकाच्या आज्ञावलीचेंही झालें. १९७६ सालीं आय. बी. एम. कंपनींतील मायकेल फेगन यांनीं, चारचौघांनीं बसून आज्ञावली ओळीनें तपासण्याची शिस्त मांडली. दोनच वर्षांनीं बेल प्रयोगशाळेंतील स्टीफन जॉन्सन यांनीं 'लिंट' रचलें. आज्ञावली न चालवितां, केवळ वाचून, संशयास्पद जागा दाखविणारें हें साधन होतें. पुण्यास १९८१ सालीं निघालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रांतही पुढें अशीं परीक्षक साधनें घडलीं.

यंत्र कंटाळत नाहीं, मुर्वत राखीत नाहीं. म्हणून हा बदल स्वागतार्हच आहे. तथापि त्यास मर्यादा आहे. प्रत्येक आज्ञावलीच्या वर्तनाचा अचूक निवाडा करणारी एकच रीत असूं शकत नाहीं, हें हेन्री राइस यांनीं १९५३ सालींच सिद्ध केलें. म्हणून असा परीक्षक कधीं नाहक ओरडतो, तर कधीं खरा दोष सोडून देतो.

याहून मोठी उणीव निराळीच आहे. पहारेकरी अंक क्रमांक नीट लिहिला एवढीच ग्वाही देतो. त्या माणसास धान्य मिळालें कीं नाहीं, हें त्यास कळत नाहीं. शेतांत व मजुरींत राबून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले, त्यांचा क्रमांक अचूक असूनही यंत्र त्यांस कधीं कधीं ओळखीत नाहीं. येथें आज्ञावलीची एकही ओळ चुकलेली नसेल. चुकलेलें असतें तें सर्वांचे ठसे स्पष्ट असतात हें गृहीत. तें पकडण्यास असे हात पाहिलेला माणूसच हवा. अक्षरांची रुजुवात यंत्रानें खुशाल करावी. परंतु त्यामुळें वांचलेला वेळ या दुसऱ्या रुजुवातीस देण्याचें कर्तव्य आपल्याकडेच राहतें.