मेंदूत चिप : व्हिडिओत दिसते ते किती खरे?

डहाणू/तलासरी : मेंदूत चिप बसवलेला लुळा माणूस संगणक चालवतो, असे व्हिडिओ सध्या मोबाईलवर फिरत आहेत. ताडावरून पडून अंथरुणाला खिळलेली माणसे आपल्याही पाड्यांत आहेत. म्हणून ही माहिती.

गोष्ट खरी आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत न्यूरालिंक कंपनीने नोलंड आर्बो या तरुणाच्या मेंदूत चिप बसवली. अपघातात त्याचे खांद्याखालचे शरीर लुळे पडले होते. हात हलवायचा विचार केला की मेंदूत विजेचे बारीक संकेत उठतात. चिपच्या केसाहून बारीक तारा ते पकडतात आणि पडद्यावरचा बाण हलतो. तो बुद्धिबळ खेळू लागला. पण चालू लागला नाही, हे लक्षात घ्या.

काही आठवड्यांतच बऱ्याच तारा मेंदूतून मागे सरकल्या. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून काम पुन्हा सुरू केले. कवटी उघडायची म्हणजे रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके आहेतच. ही चिप चाचणीत आहे, दुकानात मिळत नाही. बसवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

दुसरा धोका कंपनीचा. अमेरिकेच्याच सेकंड साइट कंपनीने अंध लोकांच्या डोळ्यात बसवायचे यंत्र काढले. साडेतीनशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतले. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणे थांबवले. पुढे यंत्र बिघडले तर दुरुस्तीला कोणी नाही, अशी लोकांची गत झाली.

आपल्या हाताशी असलेले यंत्र म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट. ते मेंदू वाचत नाही, कानाच्या नसेला आवाजाचे संकेत देते. खर्च लाखांत आहे, पण केंद्राच्या एडिप योजनेत पात्र मुलांना मदत मिळते. वांद्र्याची अली यावर जंग संस्था हे काम बघते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला पाच वर्षांच्या आत न्यायला हवे. हाकेला, ताटाच्या आवाजाला बाळ वळत नसेल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाच्या डॉक्टरांना लगेच सांगा.

ऑपरेशन झाले म्हणजे संपले नाही. मशीन जुळवून घ्यायला आणि बोलणे शिकवायला महिनोन् महिने फेऱ्या माराव्या लागतात. त्यामुळे कुठलेही यंत्र अंगात बसवण्याआधी तीन गोष्टी विचारा : बिघडले तर दुरुस्त कोण करणार, बॅटरी-वायरचा खर्च कोणाचा आणि तपासणीला किती वेळा यायचे? उत्तरे कागदावर लिहून घ्या.