गाडी एकाची, नाव दुसऱ्याचे : जुन्या मोटारसायकलवरील दंडाचा इतिहास

१/ परभणी, जिंतूर, सेलू किंवा गंगाखेड येथे जुनी मोटारसायकल विकत घेण्याचा व्यवहार बहुधा एका बैठकीत उरकतो. पैसे मोजले जातात, किल्ली आणि आरसी बुक हाती येते, फॉर्म २९ व ३० वर सह्या होतात. पुढे गाडी नावावर करायला गेलेल्या खरेदीदारापुढे मात्र दंडाचा आकडा उभा राहतो, आणि त्यातील बराचसा काळ आधीच्या मालकाचा असतो. हा दंड नेमका कुणाचा? या प्रश्नामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

२/ वाहनाला क्रमांक देण्याची कल्पना मूळची पोलिसी सोयीची. पॅरिसमध्ये १८९३ साली तसा आदेश निघाला. ब्रिटनने १९०३ च्या कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून क्रमांकाची पाटी सक्तीची केली. अपघात करून पळालेली गाडी दुरून ओळखता यावी, एवढाच हेतू होता. ब्रिटनमधील नोंदणीपत्रावर आजही 'नोंदणीकृत धारक' असा उल्लेख असतो. ते पत्र मालकीचा पुरावा मानले जात नाही. भारतात मात्र नोंदणी आणि मालकी हळूहळू एकमेकींत मिसळत गेल्या.

३/ ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ आणि नंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि संस्थानाचे कायदे, कर व चलन स्वतंत्र होते. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांसह सरकारी बससेवा सुरू केली. सामान्य माणसासाठी मोटार ही सरकारची किंवा श्रीमंतांची वस्तू होती. जुन्या गाडीच्या नोंदणीवरून वाद घालण्याइतक्या गाड्याच खेड्यापाड्यांत नव्हत्या.

४/ सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्यात जुना मुंबई प्रांत, विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ असे वेगवेगळ्या कायद्यांखाली वाढलेले प्रदेश होते. त्यांच्यासाठी १९५८ मध्ये वाहन कराचा एकत्रित कायदा झाला. त्यातील एक तत्त्व महत्त्वाचे आहे : आधीच्या मालकाने कर थकवून गाडी विकली, तर त्या कराची जबाबदारी नव्या मालकावरही येते. थोडक्यात, कर गाडीच्या मागे जातो.

५/ मालकीचा नियम वेगळ्याच कायद्यात होता. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार जंगम वस्तूची मालकी उभयपक्षांच्या कराराने बदलते. मोटारसायकल ही जंगम वस्तूच. म्हणून १९३९ च्या कायद्याच्या काळात न्यायालये असे मानत आली की, गाडी खरोखर विकली गेली असेल तर आरटीओच्या वहीत जुने नाव राहिल्याने विक्री रद्द ठरत नाही. व्यवहार आणि नोंद यांच्यात अंतर पडले, तरी कायदा व्यवहाराकडे पाहत असे.

६/ मग चित्र पालटले. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास जपानी तंत्रज्ञानाच्या कमी इंधन पिणाऱ्या मोटारसायकली बाजारात आल्या आणि दुचाकी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. नवी गाडी आली की तिच्यामागून जुन्या गाडीचा बाजारही येतो. १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. परभणीला एमएच-२२ हा क्रमांक मिळाला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि पुढे तिथे एमएच-३८ आला. म्हणूनच हिंगोलीकडच्या काही जुन्या गाड्यांवर अजूनही एमएच-२२ दिसते.

७/ या नव्या कायद्याने 'मालक' या शब्दाची व्याख्याच बदलली. कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे, तो मालक. नाबालिग मालक किंवा हप्त्याने घेतलेली गाडी असे अपवाद सोडले, तर आता नोंद हीच ओळख ठरली. कलम ५० ने दोघांनाही मुदत घातली : राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे.

८/ या व्याख्येची धार ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या निकालात दिसली. एक गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण कागदावर पहिलाच मालक कायम होता. अपघात झाला तेव्हा नुकसानभरपाई कुणी द्यायची? न्यायालयाने जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. अपघातग्रस्ताने विक्रीची साखळी शोधत हिंडावे, हे कायद्याला अभिप्रेत नाही, असा त्यामागचा विचार होता. कोऱ्या फॉर्मवर सही करून निश्चिंत झालेल्या विक्रेत्यासाठी हा मोठा इशारा आहे.

९/ उशीर झाला तर काय? इथे कलम ५० चे पोटकलम ३ वाचण्यासारखे आहे. १९८८ च्या मूळ मजकुरानुसार, कळवण्यास विलंब झाल्यास नोंदणी प्राधिकारी प्रकरणाची परिस्थिती पाहून, दंडात्मक कारवाईऐवजी जास्तीत जास्त १०० रुपये भरायला सांगू शकतो. विलंबाच्या काळानुसार वेगवेगळ्या रकमा राज्य सरकारने ठरवाव्यात, पण त्या या मर्यादेतच. ही रक्कम भरली की पुढची कारवाई नाही. विलंब ही चूक आहे, पण ती लहान चूक आहे, असे संसदेने मानले होते.

१०/ आता एक जुना घटनात्मक धागा. संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर आणि शुल्क यांतील भेद स्पष्ट केला : कर सार्वजनिक खर्चासाठी असतो, तर शुल्क दिलेल्या सेवेच्या बदल्यात असते. दंड ही तिसरीच गोष्ट; तो चुकीसाठी असतो आणि त्यासाठी कायद्याने स्वतंत्र अधिकार द्यावा लागतो. रकमेला कोणते नाव दिले यावरून ती काय आहे हे ठरत नाही. ती कशासाठी घेतली जाते, यावरून ठरते.

११/ २९ डिसेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांतील शुल्काचे तक्ते बदलले. मोटारसायकल नावावर करण्याचे मूळ शुल्क अवघे १५० रुपये होते. मात्र नोंदणीच्या नूतनीकरणाला किंवा हस्तांतरणाच्या कागदपत्रांना उशीर झाल्यास मोटारसायकलसाठी दर महिन्याला ३०० रुपये 'अतिरिक्त शुल्क' ठरले. महिन्याचा काही भाग उलटला तरी पूर्ण महिना धरायचा. व्यावसायिक वाहनांच्या योग्यता प्रमाणपत्रासाठी तर रोज ५० रुपये.

१२/ याचा अर्थ जुन्या गाडीच्या ग्राहकासाठी काय? खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते, नंतर नूतनीकरण करावे लागते. समजा नोंदणी संपून दोन वर्षे झाल्यावर एखाद्या शेतमजुराने ती गाडी घेतली. २४ महिने गुणिले ३०० म्हणजे ७,२०० रुपये. विलंब पहिल्या मालकाचा, पावती दुसऱ्याच्या नावावर. कधी गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा यातच जातो. मग माणूस गाडी नावावर करण्याचेच टाळतो, आणि ज्या नोंदीसाठी हा सारा खटाटोप आहे ती नोंदच खोटी राहते.

१३/ एप्रिल २०१७ मध्ये चेन्नईतील रिक्षाचालकांच्या संघटनेच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आला. शुल्कवाढ न्यायालयाने मान्य केली. विलंबाचे अतिरिक्त शुल्क मात्र रद्द ठरवले. कायदा शुल्क घेण्याचा अधिकार देतो. शुल्काच्या नावाखाली दंड बसवण्याचा अधिकार नियमांतून निर्माण होत नाही, हे त्यामागचे सूत्र. रिक्षाचालकांचा प्रश्न होता रोजच्या पोटाचा, पण त्यातून शिरूर मठाच्या काळचे तत्त्व पुन्हा उजळले.

१४/ वाद तिथे मिटला नाही. महाराष्ट्रात २०२४ मध्ये रोज ५० रुपयांच्या वसुलीविरुद्ध रिक्षा, टॅक्सी आणि अन्य वाहनचालक रस्त्यावर उतरले, आणि जुलैमध्ये राज्य सरकारला त्या वसुलीला स्थगिती द्यावी लागली. दंडाचा प्रश्न न्यायालयात जितका सुटतो, तितकाच रस्त्यावर आणि विधिमंडळातही सुटतो, हे यातून दिसते.

१५/ या इतिहासातून तीन वेगळ्या रकमा वेगळ्या ओळखता येतात. थकलेला कर गाडीबरोबर येतो. तो नव्या मालकालाही चुकत नाही. विलंबाची रक्कम कायद्याच्या मर्यादेत आणि परिस्थिती पाहून ठरायला हवी. सिग्नल तोडल्याचे किंवा हेल्मेट नसल्याचे चलान हे त्या दिवशी गाडी चालवणाऱ्याच्या कृत्याचे असते. खरेदीची तारीख दाखवणारा कागद म्हणूनच मोलाचा : गुन्ह्याचा दिवस आणि ताब्याचा दिवस यांतील फरक तोच सिद्ध करतो.

१६/ दाद मागण्याची वाटही कायद्यातच आहे. कलम ५७ नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याने कलम ५० किंवा नूतनीकरणाच्या कलम ४१ खाली दिलेल्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. अडचण अशी की खिडकीवर आकडा सांगितला जातो, आदेश दिला जात नाही. आणि आदेशाशिवाय अपील कशावर करायचे? म्हणून 'कोणत्या कलमाखाली, कोणत्या काळासाठी, ते लेखी द्या' ही मागणी ही साऱ्या लढाईची पहिली पायरी ठरते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती मागणी सामान्य माणसाच्या हाती दिली.

१७/ डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी स्वतंत्र नियम केले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची माहिती मालकाने दिली की मधल्या काळाची जबाबदारी त्या विक्रेत्यावर येते. व्यवहार आणि नोंद यांच्यातील रिकाम्या जागेला कायद्याने प्रथमच एक नाव दिले. मात्र शेजाऱ्याकडून, पाहुण्याकडून, ओळखीच्या मेकॅनिकमार्फत घेतलेल्या गाडीला हे संरक्षण पोहोचत नाही, आणि तालुक्याच्या गावांत अशी खरेदी नित्याचीच आहे.

१८/ १८९३ मध्ये क्रमांकाची पाटी आली ती गाडी ओळखण्यासाठी. १९८८ मध्ये तिने माणूस ओळखायला सुरुवात केली, आणि २०१६ नंतर ती त्याच्याकडून पैसे मागू लागली. नोंद खरी ठेवणे हे नागरिकाचे कर्तव्य आहेच; त्याच नोंदीच्या आधारे मागितलेल्या प्रत्येक रुपयामागे कायद्याचे कलम दाखवणे, हे राज्याचे कर्तव्य आहे. परभणीच्या आरटीओ खिडकीपाशी पावती हातात घेऊन उभा असलेला माणूस दुसऱ्या कर्तव्याची आठवण करून देतो, तेव्हा तो अनुच्छेद २६५ चाच अर्थ सांगत असतो.

(समाप्त)