सरहद्दीची माणसे

‘सरहद्द’ म्हटले की आपल्या मनात थांबण्याची रेषा येते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत मात्र ती चालती रेषा होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्यास १६० एकर देऊ केले आणि ती पश्चिमेकडे सरकत राहिली. १८९० च्या शिरगणतीने अशी रेषा आता उरली नसल्याचे जाहीर केले. तीन वर्षांनी शिकागो येथे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी प्रतिपादन केले की, अमेरिकन माणसाचा पिंड याच मोकळ्या जमिनीवर घडला. मोकळी, पण कोणाच्या लेखी? १८३८ साली सैन्याने चेरोकींना मिसिसिपीपलीकडे हाकलले होते. शिरगणतीच्याच वर्षी, डिसेंबरात, वूंडेड नी येथे लाकोटा स्त्रीपुरुष व मुले गोळ्यांना बळी पडली. हाकललेल्यांच्या बाजूने ही रेषा कशी दिसली, हे टर्नर यांनी विचारले नाही.

तो प्रश्न मनात घेऊन दिल्लीच्या दक्षिणेस फरीदाबादच्या ‘एन.आय.टी.’ वसाहतीत फिरावे. १९४७ नंतर येथे आलेली माणसे वायव्य सरहद्द प्रांतातली: बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावर. म्हणजे हीही सरहद्दीचीच. परंतु जमीन गमावून पूर्वेकडे आलेली. १९४९ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झाले. घरे ठेकेदारांकडून बांधून घ्यावीत, अशी सरकारी रीत होती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनमधील लक्ष्मीचंद जैन आदी तरुणांनी आग्रह धरला, की निर्वासितांनीच सहकारी संस्था काढून ती बांधावीत. व्यापारी व दुकानदारांच्या हातांना विटा-चुन्याची सवय नव्हती. तरी हजारो घरे उठली. (अमेरिकन वसाहतकाराच्या लाकडी झोपडीवर चित्रपट निघाले, या विटांवर कोणी काढला नाही.) पुढे मंडळ गेले, सहकारी संस्था विरल्या, ठेकेदार परतले. जैन यांनी १९९८ साली ही कहाणी पुस्तकरूपाने सांगितली, तीत अभिमानाइतकीच हळहळ आहे.

या माणसांनी येथील इस्पितळाला बादशाह खानांचे नाव दिले. नगर उभे राहत होते त्या वर्षांत, १९४८ पासून १९५४ च्या आरंभापर्यंत, ते स्वतः पाकिस्तानच्या तुरुंगात होते.